इन्सुलिन चालू असताना नेपाळचा ट्रेक: एव्हरेस्ट बेस कॅम्प की अन्नपूर्णा?

दिवाळी संपली की नेपाळला निघायचं, ऑफिसातून रजा मिळाली आहे, घरच्यांचं अर्धं मन वळलं आहे, आणि अडलंय ते एकाच गोष्टीवर: मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. मग ईबीसी (एव्हरेस्ट बेस कॅम्प) करावं की एबीसी (अन्नपूर्णा बेस कॅम्प)? हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, कारण मी स्वतः बारा वर्षं इन्सुलिनवर आहे आणि दोन्ही ट्रेक केले आहेत. आधी अन्नपूर्णा, तीन वर्षांनी एव्हरेस्ट.

बहुतेकांचा हिशेब सरळ असतो. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५३६४ मीटरवर, अन्नपूर्णा बेस कॅम्प ४१३० मीटरवर. दुसरा बाराशे मीटरने खाली, म्हणून आपल्यासारख्यांना तोच सुरक्षित. मीही असंच धरून चाललो होतो. पण आजार सोबत घेऊन जाणाऱ्याने आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा: रात्री काही झालं तर खाली कुठे उतरायचं, आणि तिथे डॉक्टर आहे का?

इथे एव्हरेस्टची वाट सरस ठरते. नामचे बाजारच्या वर खुंदे गावात एडमंड हिलरींनी १९६६ मध्ये उभारलेलं हॉस्पिटल आजही चालू आहे. त्याच्याही पुढे, ४२०० मीटरच्या वर, फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं आरोग्य केंद्र आहे. ट्रेकिंगच्या दोन्ही हंगामांत तिथे डॉक्टर असतात आणि रोज दुपारी तीन वाजता उंचीच्या आजारावर माहिती देतात. जाताना बहुतेक ग्रुप शेजारच्या खोऱ्यातल्या दिंगबोचेला मुक्काम करतात, पण विश्रांतीच्या दिवशी तिथून फेरिचेला जाऊन येता येतं. मी गेलो होतो, आणि त्या तासाभरात जे कळलं ते पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. अन्नपूर्णेच्या वाटेवर, छोमरोंग गावाच्या पुढे मोदी खोला नदीच्या खोऱ्यात, असं काहीच नाही. हवामान चांगलं असेल तर हेलिकॉप्टर, नाहीतर पाय. जीप मिळते ती थेट छोमरोंगच्याही खालच्या झिनू गावाखाली, आणि तिथून पोखरा आणखी काही तासांवर.

दुसरा मुद्दा चढण्याच्या वेगाचा. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम सगळ्यांसाठीच आहे. एव्हरेस्टच्या चांगल्या कार्यक्रमात नामचे (३४४०) आणि दिंगबोचे (४४१०) इथे एकेक जादा दिवस धरलेलाच असतो. अन्नपूर्णेला मात्र लोक देउरालीहून, म्हणजे सुमारे ३२०० मीटरवरून, थेट बेस कॅम्पला जाऊन झोपतात. एका दिवसात नऊशे मीटर! कार्यक्रम सात दिवसांत बसवायचा असतो, म्हणून हे चालतं. एबीसी ठरवत असाल तर मधे माछापुछ्रे बेस कॅम्पला (३७००) एक रात्र काढण्याची अट ट्रेक कंपनीला आधीच घाला. ते तयार नसतील तर दुसरी कंपनी बघा.

कळसूबाई पाच वेळा केलंय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलोय, हे सगळं दमसासाच्या दृष्टीने चांगलंच. पण कळसूबाई १६४६ मीटर आहे. उंचीचा त्रास कुणाला होणार हे सह्याद्री सांगू शकत नाही.

आता शुगरकडे येऊ, कारण दोन्ही वाटांवर ती वेगवेगळी वागते. अन्नपूर्णेला पहिले तीन-चार दिवस नुसत्या पायऱ्या. छोमरोंगहून नदीपर्यंत उतरायचं आणि सिनुवाला पुन्हा तेवढंच चढायचं. हवा उबदार, भूक सणसणीत, आणि शुगर झपाट्याने खाली. माझ्या दोन्ही मोठ्या हायपो, म्हणजे शुगर धोक्याइतकी खाली जाणं, याच टप्प्यात झाल्या; त्यातली एक पहाटे तीनला, कारण दिवसभराच्या चालण्याचा परिणाम रात्रीही चालू राहतो. एव्हरेस्टला, विशेषतः चार हजारांच्या वर, काहींची शुगर उलट वाढते, कारण शरीर ताणात असतं. आणि त्याच वेळी अन्नावरची वासना उडते. डोस नेहमीचा घेतला आणि समोरचा दालभात चार घासांवर सुटला, की संकट. म्हणून वर गेल्यावर जेवणाआधीचं इन्सुलिन जेवण झाल्यावर घ्यायचं का, आणि एकूण डोस किती कमी करायचा, हे तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून कागदावर लिहून घ्या.

थंडीतला फरक फार मोठा आहे, आणि लोक तो गृहीतच धरत नाहीत. इन्सुलिन एकदा गोठलं की निकामी होतं; पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नाही. नोव्हेंबरात गोरकशेपला, म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामाला, रात्री पारा उणे दहाच्याही खाली जातो. मी इन्सुलिनचं पेन लोकरीच्या मोज्यात घालून, मोजा बनियनच्या आत छातीशी ठेवून झोपत होतो. तरी सकाळी ग्लुकोमीटरने आकडा दाखवायलाच नकार दिला, नुसतं एरर. बायकोने तो काखेत धरून दहा मिनिटं ऊब दिली, तेव्हा कुठे चालला. मीटर आणि स्ट्रिप ठरावीक तापमानातच काम करतात, आणि पुष्कळ स्ट्रिपवर व शुगर मोजणाऱ्या दंडावरच्या सेन्सरवर सुमारे ३००० मीटरपर्यंतचीच खात्री दिलेली असते. डबीतला कागद वाचा. वर ऑक्सिजन कमी असल्यामुळे आकडा चुकू शकतो, तेव्हा आकडा ठीक आणि शरीर बिघडलेलं असं असेल तर शरीराचं ऐका.

आणि हे तर सोबत येणाऱ्या प्रत्येकाला शिकवूनच निघा: शुगर कमी झाल्याची आणि उंचीच्या त्रासाची लक्षणं जुळी भावंडं आहेत. डोकं दुखणं, मळमळ, अंगात त्राण नसणं, बडबड, तोल जाणं. आधी शुगर तपासायची. कमी असेल, किंवा मीटर चालत नसेल, तर थांबून न राहता तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही आणि शुगर सुधारलेली असेल, तर तो उंचीचा त्रास समजायचा आणि वर एक पाऊलही टाकायचं नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही. हे मी गाईडला काठमांडूतच, हॉटेलच्या खोलीत, दोनदा करून दाखवलं होतं. त्याने तिसऱ्यांदा स्वतः करून दाखवलं, तेव्हा माझ्या बायकोची काळजी जरा कमी झाली.

औषधांबद्दल दोनच गोष्टी. डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना मुद्दाम विचारा. खाणं-पाणी कमी पडलं की त्या गोळीमुळे शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, मित्र घेतोय म्हणून आपणही घ्यायची नाही. सगळा साठा दुप्पट न्या आणि दोन पिशव्यांत वाटा, एक तुमच्याकडे, एक जोडीदाराकडे. एव्हरेस्टची वाट जिथून सुरू होते त्या लुकलाचं विमान ढगांमुळे दोन-दोन दिवस उडत नाही, तेव्हा हा दुप्पट साठाच कामी येतो.

विमा काढताना मधुमेह लपवू नका, आणि पॉलिसीत ट्रेकिंगची उंचीची मर्यादा किती आहे ते शोधून वाचा.

माझं मत विचाराल तर असं. हाताशी चौदा दिवस असतील, वर्षभर शुगर बऱ्यापैकी ताब्यात असेल आणि थंडीत सामान सांभाळायची शिस्त असेल, तर ईबीसी. सात-आठच दिवस मिळत असतील तर ईबीसी दाबून बसवण्यापेक्षा एबीसी, पण माछापुछ्रेच्या मुक्कामासह आणि शक्यतो नोव्हेंबरात. बर्फ भरपूर पडलं की देउरालीच्या आसपासच्या अरुंद खोऱ्यात हिमकडे कोसळतात. जानेवारी २०२० मध्ये तिथे ट्रेकर आणि गाईड गाडले गेले होते.

गेल्या तीन महिन्यांत हायपोमुळे दवाखाना गाठावा लागला असेल, किंवा इन्सुलिन नुकतंच सुरू झालं असेल, तर यंदा दोन्ही नकोत. तुमच्यासाठी सांदकफू आहे: ३६३६ मीटर, भारत-नेपाळच्या सीमेवर, समोर कांचनगंगा आणि दूरवर एव्हरेस्टही दिसतं. मानेभंज्यांगहून थेट माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे त्रास झाला तर जीपने खाली येता येतं. इन्सुलिन थंडीत कसं सांभाळायचं, चालताना शुगर किती उतरते, हे सगळं तिथे कमी धोक्यात शिकता येतं.

तिन्हींपैकी काहीही ठरवा, तिकीट काढण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. मधुमेहाने पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर उंचीवर त्यांतून रक्त येण्याची भीती असते, आणि ते तुम्हाला घरी बसून जाणवत नाही. माझं अन्नपूर्णेचं पहिलं वर्ष याच तपासणीत गेलं. आधी लेझर झालं, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि मग पुढच्या वर्षी निघालो.