पी-बेसचे पिकअप बदलायचे तर: डंकन, डिमार्झिओ, फेंडर की ईएमजी?

स्क्वायर अ‍ॅफिनिटी पीजे, म्हणजे पी (प्रिसिजन) आणि जे (जॅझ) असे दोन पिकअप असलेला फेंडरच्या स्वस्त ब्रँडचा बेस गिटार, घेतला की काही महिन्यांत प्रश्न पडतोच: यात पिकअप, म्हणजे तारांची कंपनं पकडून विजेचा संकेत करणारं चुंबक आणि वेटोळं, कोणता टाकायचा? बेस हातात बसलेला असतो, नेक आवडलेला असतो, पण मूळच्या सिरॅमिक पिकअपचा आवाज जरा कोरडा आणि सपाट वाटू लागतो. निकाल आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी सेमूर डंकनचा एसपीबी-१ घ्यावा. पुढचं वाचायचं ते आपण त्या ‘बहुतेकां’त बसतो का, हे ठरवण्यासाठी.

पैसे खर्च करण्याआधी नवीन तारा चढवा आणि पिकअपची उंची नीट लावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. गळ्यावरचा एखादा स्वर लवकर विझत असेल, फ्रेटवर तार खरखरत असेल किंवा वरच्या फ्रेटवर सूर चढा लागत असेल, तर पिकअप बदलून काहीही फरक पडणार नाही. आणि सिरॅमिक म्हणजे वाईट, अल्निको (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचं चुंबक) म्हणजे चांगलं, हेही डोक्यातून काढा. डिमार्झिओचा मॉडेल पी सिरॅमिकच आहे आणि तो उत्तम पिकअप आहे. स्वस्त पिकअपमध्ये साध्या लोखंडी खिळ्यांखाली एक पट्टी-चुंबक चिकटवलेलं असतं. आवाजात फरक पडतो तो या संपूर्ण रचनेमुळे आणि वेटोळ्यांमुळे.

प्रिसिजन बेस १९५१ साली आला तेव्हा त्यात एकच सरळ कॉइल होती. आज आपण ज्याला ‘पी पिकअप’ म्हणतो तो दोन तुकड्यांचा, १९५७ सालचा. एक तुकडा ई-ए तारांखाली, दुसरा डी-जी खाली. दोन्ही सीरिजमध्ये जोडलेले, पण एकाची वेटोळी आणि चुंबकाची दिशा दुसऱ्याच्या उलट, म्हणून बाहेरून येणारी घुंघुं एकमेकांना मारून टाकते. प्रत्येक तारेला दोन पोल (चुंबकी खिळे), तार त्यांच्या मधून जाते. ही रचना इतकी पक्की ठरली की आजचे सगळे पर्याय त्याच साच्यात बसतात, आणि त्यामुळेच पी-बेसवाल्याला खाच कोरायची वेळ सहसा येत नाही.

दुकानात किंवा ऑनलाइन जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला आकडा असतो डीसी रेझिस्टन्सचा, म्हणजे वेटोळ्याच्या तारेच्या विद्युत-विरोधाचा, हजार ओहममध्ये (के). ‘हा १० के, तो १२ के, म्हणजे तो जास्त दणदणीत’ असा हिशेब लोक लावतात. तो चुकीचा आहे. ४२ गेजऐवजी ४३ गेजची बारीक तार वापरली की तेवढ्याच लांबीला रेझिस्टन्स सुमारे सव्वापट होतो, वेटोळी एकानेही न वाढता. आकडा उपयोगी पडतो तो एकाच कंपनीच्या, एकाच घडणीच्या दोन पिकअपची तुलना करताना, किंवा कॉइल तुटली आहे का हे पाहताना. शिवाय तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना १० के दाखवणारा पिकअप मे महिन्यातल्या ३५ अंशांच्या खोलीत १०.६ के दाखवतो. मीटरवर जास्त आलं म्हणून कुणी फसवलं असं होत नाही. बेस न उघडता जॅकमधून मोजत असाल तर व्हॉल्यूम पूर्ण उघडा. तरी २५० केच्या पॉटमुळे (नॉबखालच्या रोधकामुळे) १० केचा पिकअप ९.६ केच्या आसपास दिसेल. पीजेमध्ये दुसऱ्या पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवायला विसरू नका, नाहीतर दोघे समांतर मोजले जातात आणि आकडा निम्म्यावर येतो.

आता एकेक पिकअप.

एसपीबी-१ हा अल्निको ५ चा, जुन्या धाटणीचा. खर्ज भरलेला पण ढिला नाही, मधला भाग शाबूत, वरचा भाग टोन नॉबने सहज कमी-जास्त होणारा. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेष्टणाच्या) तारांवर तो जुन्या सिनेगीतांच्या बेससारखा गोल वाजतो, निकेल राउंडवाउंडवर (खडबडीत वेष्टणाच्या तारांवर) पिकने वाजवला तर रॉकलाही पुरतो. एकट्याने ऐकलात तर ‘यात विशेष ते काय?’ असं वाटेल. बँडमध्ये त्याचं काम कळतं. फेंडरचा प्युअर व्हिंटेज ’६३ हाही याच घराण्यातला, थोडा अधिक उघडा आणि कापडी वेष्टणाच्या तारांचा. दोघांत जो स्वस्त मिळेल तो घ्या. भर गर्दीत डोळे मिटून फरक ओळखणारे फार थोडे असतील.

एसपीबी-३, म्हणजे क्वार्टर पाउंड, सर्वांत जास्त मोहात पाडतो आणि सर्वांत जास्त निराश करतो. त्याचे पोल पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीचे. नेहमीचे सुमारे पावणेपाच. आवाज मोठा, तळ खोल, वरचा टणत्कार चकचकीत आणि मधला भाग खाली बसलेला. घरी एकट्याने लावला की छाती भरून येते. पण आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात बेसची गाठ पडते ती कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताशी, ऑक्टोपॅडच्या किकशी आणि ढोलकीच्या खर्जाशी. सगळे एकाच जागेसाठी भांडतात. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. स्टेजवरचा दहा इंची स्पीकरचा अ‍ॅम्प तो धड वाजवूही शकत नाही. ऐकणारा बेस ओळखतो तो ८२, १२३, १६४ आणि त्यावरच्या स्वरांशांवरून, विशेषतः साधारण २०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या. क्वार्टर पाउंडने नेमका तोच पट्टा मागे ढकललेला असतो. मग बेसिस्ट व्हॉल्यूम वाढवतो, साउंडवाला खर्ज कापतो आणि शेवटी फक्त तारांचा टकटकाट उरतो. एकच गिटार असलेल्या तीन जणांच्या रॉक बँडमध्ये मात्र हाच पिकअप राजा आहे, कारण तिथे जागा रिकामी असते. ज्यांना मधला भाग हवा आणि जोरही हवा, त्यांनी एसपीबी-२ पाहावा.

डिमार्झिओ मॉडेल पी, डीपी१२२, हा क्वार्टर पाउंडच्या उलट स्वभावाचा. खालचा-मधला भाग जाड, आवाज मोठा, वरची चमक जरा कमी. पोलचे स्क्रू फिरवता येतात, ही खरी सोय: बहुतेक बेसवर जी (G) तार किंवा ए (A) तार इतरांपेक्षा दबते वा उसळते, ते इथे एलन कीने सारखं करता येतं. अर्धा अर्धा फेरा फिरवा आणि ऐका. गर्दीच्या मिश्रणात, विशेषतः ओव्हरड्राइव्हसह, हा ठाम उभा राहतो. स्लॅप वाजवणाऱ्यांना मात्र तो बोथट वाटेल.

ईएमजी पी हा सक्रिय, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. आवाज स्वच्छ, घट्ट, घुंघुं जवळपास नाहीच. लांब केबलनेही वरचा भाग मरत नाही. त्याचे २५ केचे पॉट पाकिटातच येतात, जोडणी प्लगने होते, सोल्डरिंग नाही. अडचणी दोन. जॅक स्टिरिओ असतो आणि केबल आत असेपर्यंत बॅटरी चालू राहते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायचीच. आणि पी-बेसला बॅटरीचा वेगळा कप्पा नसतो, ती पिकगार्डखाली (पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली) कोंबावी लागते, म्हणजे बदलताना डझनभर स्क्रू. ईएमजी पी आणि साधा पॅसिव्ह जे असं मिश्रण करू नका. दोघांची इम्पिडन्स (विद्युत-अवरोध) जुळत नाही, दोन्ही नॉब उघडले की सक्रिय पिकअप दुसऱ्याला गिळतो. घ्यायचा तर पीजे संचच.

जे पिकअपबद्दल एवढंच: पी स्वतः घुंघुं मारतो, पण ब्रिजजवळचा साधा जे एकेरी कॉइलचा असतो, त्यामुळे तो उघडला की घुंघुं परत येते. ट्यूबलाइट आणि डिमरच्या सभागृहात हे फार छळतं. डिमार्झिओ मॉडेल जे, डीपी१२३, स्वतःपुरता हमबकर (घुंघुं मारणारा दुहेरी कॉइलचा पिकअप) आहे, तो टाकला की प्रश्न संपतो. जे पिकअप दोन लांबीचे येतात, नेककडचा सुमारे ९२ मिलिमीटर आणि ब्रिजकडचा सुमारे ९५. स्वस्त बेसवर कुठे कोणता बसवलाय याचा नेम नसतो. कव्हर काढून पट्टीने मोजा आणि मगच ऑर्डर द्या.

बसवताना गोंधळ होतो तो पुढच्या ठिकाणी. नवे सीटीएसचे पॉट घेतले तर त्यांची आट्यांची नळी साडेनऊ मिलिमीटरची, आणि आशियाई बनावटीच्या पिकगार्डची भोकं त्याहून लहान. कानसने गोल वाढवा, ड्रिलने प्लास्टिक तडकतं. पॉट २५० के ऑडिओ टेपर, टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड, त्यावर ४७३ छापलेलं असतं. पॉटच्या पाठीला ग्राउंड जोडायला २५ वॉटची सोल्डरिंगची काडी पुरत नाही. पाठ उष्णता शोषते, सोल्डर गोळी होऊन बसतो आणि आठवड्याभरात सुटतो. ४० ते ६० वॉट, ६०/४० चा रोझिन सोल्डर, पाठ सँडपेपरने घासून घ्या, तीन-चार सेकंदांत काम उरका. काळी वायर म्हणजे ग्राउंड असं धरून चालू नका. डंकनच्या चार वायरींच्या हमबकरमध्ये काळी हॉट असते. पाकिटातला कागद वाचा.

दोन व्हॉल्यूम असतील तर पिकअपची हॉट वायर पॉटच्या मधल्या पायाला आणि आउटपुट कडेच्या पायाला द्यायची. उलट जोडलं तर एक नॉब शून्यावर नेताच दोन्ही पिकअप गप्प होतात.

तारा चढवण्याआधी केबल लावा, आवाज अगदी बारीक ठेवा आणि प्रत्येक पोलवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवा. पूर्ण शांतता म्हणजे सीरिजची जोडणी कुठेतरी तुटली. फक्त दोन तारांकडून आवाज म्हणजे एक अर्धा शॉर्ट झाला. सगळं वाजतंय पण पी एकटा असूनही घुंघुं मोठी, तर एका अर्ध्याच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत. यात फसायला होतं, कारण प्रत्येक तार एकाच अर्ध्यावरून जात असल्याने वाजवताना आवाज ठीकच येतो. पी आणि जे एकत्र उघडल्यावर खर्ज गायब होऊन आवाज पत्र्यासारखा झाला, तर दोन पिकअपची फेज उलट आहे: जेच्या दोन वायरी अदलाबदल करा.

तारांना हात लावल्यावर खरखर थांबत असेल तर ग्राउंड बरोबर आहे, तांब्याच्या पट्टीने शील्डिंग केलं की भागेल. हात लावूनही फरक नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर थांबते, तर ब्रिजखालची ग्राउंड वायर सुटली आहे. ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची घुंघुं शील्डिंगने जात नाही. आणि मंडपातल्या बोर्डाला अर्थिंगच नसेल तर पिकअपला दोष देऊ नका.

उंची शेवटी लावायची. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून, ई बाजूला सुमारे ३ आणि जी बाजूला सुमारे अडीच मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा. जवळ आणलं की आवाज वाढतो, पण अल्निकोचे पोल तारेला ओढतात आणि वरच्या फ्रेटवर ई तारेचा स्वर थरथरतो, इंटोनेशन लागत नाही. पिकअप वर राहत नसेल तर खालचा फोम दबलेला आहे, नवा टाका.

कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. जुन्या घडणीच्या पिकअपमध्ये तांब्याची तार थेट चुंबकाच्या कांडीवर गुंडाळलेली असते. पोल गंजले की गंज आतल्या वेटोळ्याला कापतो आणि पिकअप एक दिवस अचानक मरतो. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वाजवून झाल्यावर पोलवरचा घाम कोरड्या फडक्याने पुसा. काढलेला मूळ पिकअप वायरी न कापता, शक्यतो पॉटसकट, जपून ठेवा. बेस विकताना गिऱ्हाईक त्याचीच चौकशी करतं आणि नवा पिकअप तुम्हाला पुढच्या बेसवर नेता येतो.