पिवळी चिकटपट्टी म्हणजे डोरसेट नव्हे

तेल्या रोगाने डाळिंब गेलं, तेव्हा बागलाणातल्या आमच्या अर्ध्या एकरात सफरचंद लावायचं ठरवलं. कमी थंडीत येणाऱ्या जाती आता आपल्याकडेही लावतात, यात खोटं काही नाही. नर्सरीच्या एजंटाने १८० रुपये नगाने २०० कलमं दिली. दीडशे ॲना, पन्नास डोरसेट गोल्डन. ओळखायला ॲनाला लाल चिकटपट्टी, डोरसेटला पिवळी. ॲनाला शेजारी दुसऱ्या जातीचा पराग लागतो एवढं वाचलेलं होतं, म्हणून दर तीन लाल पट्ट्यांमागे एक पिवळी लावत गेलो. स्वतःवर भलताच खूश होतो.

तिसऱ्या वर्षी बहार धरायला डिसेंबरात झाडांची पानं उतरवली, फेब्रुवारीत बाग फुलांनी भरली. फळधारणा मात्र झाडाला दोन-चार फळं, तीही गळली. एजंट म्हणाला, "दादा, माश्या कमी पडतात." पुढच्या बहाराला त्याच्याच ओळखीतून मधमाश्यांच्या सहा पेट्या भाड्याने आणल्या. माश्या दिवसभर राबल्या. फळं जवळपास तेवढीच, त्यातली बरीच एका बाजूने बसकी. कापून पाहिली. सफरचंदात पाच कप्पे असतात, पराग नीट मिळाला तर दहाच्या आसपास बिया धरतात. माझ्या फळांत एक नाहीतर दोन. ज्या बाजूला बी नाही, ती बाजू पोसतच नाही.

घोळ उघडा पडला तो फळांना रंग चढल्यावर. डोरसेट पिवळं, ॲना लांबट नि लालसर. माझ्या पिवळ्या पट्टीच्या झाडांवरही तीच लांबट लाल फळं! सगळी ॲनाच. एका जातीची कलमं म्हणजे परागाच्या हिशेबात २०० झाडं नव्हेत, एकच झाड. माशी इथला पराग तिथे नेऊन करणार काय?

तक्रारीला गेलो, तर पावतीवर नुसतं "फळरोपे २०० नग". तिथेच विषय संपला, आणि ती न वाचता खिशात घालणारा मीच. तुम्ही जातवार नाव आणि नग लिहून घ्या, ज्या झाडाच्या काड्यांपासून कलमं बांधली तो मातृवृक्ष फळावर असताना बघून या. फळ धरत नसेल, तर पेट्यांवर पैसे घालण्याआधी शेजारी त्याच वेळी फुलणारी दुसरी जात खरंच आहे का, ते तपासा.

यंदा डिसेंबरअखेर दर चौथ्या झाडावर डोरसेटच्या काड्यांचं कलम बांधलं. त्या काड्या ज्या मित्राच्या झाडाच्या आणल्या, त्याचं पिवळं फळ गेल्या जूनमध्ये मी स्वतः खाल्लंय.