सांगलीत विश्रामबागला आमच्या अपार्टमेंटच्या स्विमिंग पूलचं सेफ्टीचं काम करून घेतलं, चार स्टार

मे महिन्यात पोरं दिवसभर पाण्यातच असतात म्हणून सुट्टी लागायच्या आधीच कमिटीने एका एजन्सीकडून पूलची तपासणी आणि दुरुस्ती करून घेतली. नाव लिहीत नाही, कारण एक गोष्ट त्यांनी फार चुकीची केली, पण काम काय काय झालं ते सविस्तर लिहितो, पूल असलेल्या बाकीच्या सोसायट्यांना उपयोग होईल.

सगळ्यात भारी काम झालं ते तळाच्या ड्रेनचं, म्हणजे पंप जिथून पाणी ओढतो त्या भोकाचं. आमच्याकडं एकच ड्रेन होता आणि त्यावर सपाट जाळी, तिचा एक स्क्रू गेलेला, पाय लागला की जाळी हलायची. वरून बघून काहीच वाटत नाही पण पंप चालू असताना तिथं एवढी ओढ असते की लांब केस अडकले किंवा लहान पोर पोटावर चिकटलं तर धडधाकट माणसाला पण ते ओढून काढता येत नाही, पंप बंद करावाच लागतो. त्यांनी पूल रिकामा करून, टाइल्स फोडून दुसरा ड्रेन केला, पहिल्यापासून 3 फुटांपेक्षा जास्त लांब, आणि दोन्ही एकाच पाइपला जोडले, म्हणजे एक झाकला गेला तरी पंप दुसऱ्यातून पाणी घेतो. वर फुगीर कव्हरं बसवली, ती अंगाने पूर्ण झाकली जात नाहीत. पंप बंद करायचं लाल बटण पंप रूमच्या बाहेरच्या भिंतीवर आणलं, आधी कुलूप काढून आत जायला लागायचं. मला विचाराल तर पैसे इथंच वसूल झाले.

मग गेट. 4 फूट उंच रेलिंग, उभे गज, दोन गजांत 4 इंचापेक्षा कमी फट, आणि आडव्या पट्ट्या अशा की पोरांना पाय ठेवून चढता येणार नाही. गेट बाहेरच्या बाजूला उघडतं, सोडलं की आपोआप बंद होऊन कडी लागते, कडी साडेचार फुटांवर. मी वितभर उघडून सोडून बघितलं, पूर्ण उघडून सोडून बघितलं, दोन्ही वेळा कडी लागली. पेमेंट द्यायच्या आधी हे बघूनच घ्या, आणि रेलिंगला लागून खुर्च्या, कुंड्या ठेवू नका.

आमच्या बिल्डिंगमधले जुने लोक कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले, त्यांचं म्हणणं एवढ्याशा पाण्यात कोण बुडतंय. पण लहान पोर बुडताना ओरडत नाही हो, तोंड पाण्याखाली गेलं की आवाजच निघत नाही, शेजारी बसलेल्या माणसाला पण कळत नाही. म्हणून पाणी हललं की वाजणारा, पाण्यावर तरंगणारा अलार्म त्यांनी सुचवला, पण तो मी घेऊ नका म्हणेन, वारा सुटला की वाजतो आणि मग कोणीतरी वैतागून बंद करून टाकतं. त्यापेक्षा पाण्यात एक मोठं माणूस, हातात मोबाईल नाही, एवढं पाळा.

लाइटचं काम नीट झालं, पाण्यातले दिवे 12 व्होल्टचे केले आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच, बसवला. बुडणाऱ्याला फेकायची तरंगणारी रिंग आणि लांब काठी भिंतीला अडकवली, आमच्या वॉचमनकाकांना पोहता येत नाही, पण काठावरून काठी पुढं करता येते. सीपीआर, म्हणजे श्वास थांबलेल्या माणसाला छाती दाबून आणि श्वास देऊन वाचवायचं, ते पण शिकवलं, बुडालेल्या माणसाला नुसती छाती दाबून भागत नाही, तोंडाने श्वास द्यावाच लागतो, आणि त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. एवढं शिकायला पण निम्मे लोक खाली आले नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता एक स्टार का कापला ते. एजन्सीच्या कामावरच्या पोराने क्लोरीनच्या गोळ्या, ब्लीचिंग पावडर आणि ॲसिडचा कॅन एकाच कोपऱ्यात ठेवून दिला. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आलं तर विषारी गॅस होतो, आणि गोळ्या नि पावडर एकमेकांत मिसळली तर स्फोट होऊ शकतो. सेफ्टीचं काम करणाऱ्याला हे सांगायला लागावं? मी फोन करून झापलं तेव्हा दुसऱ्या दिवशी येऊन वेगवेगळं ठेवलं.

एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, घेताना रोज पाणी तपासून वहीत लिहायचं हे करारातच टाकून घ्या, फ्री क्लोरीन (पाण्यात काम करायला शिल्लक असलेलं) 1 ते 3 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 1 ते 3 भाग, पीएच (पाणी किती आम्लारी ते) 7.2 ते 7.8, आणि खोल बाजूचा ड्रेन काठावरून स्वच्छ दिसत नसेल तर त्या दिवशी पूल बंद.