सोनोग्राफीत अचानक सिस्ट निघाली म्हणून गेले होते, 5 पैकी 4 स्टार

उजव्या कुशीत दुखायचं म्हणून मुतखड्याची सोनोग्राफी केली. खडा नव्हताच, पण रिपोर्टमध्ये खाली लिहून आलं, उजव्या ओव्हरीत (अंडाशयात) 3.2 सेमीची सिंपल सिस्ट, म्हणजे पाण्याची साधी गाठ. माझं वय 34. आधी जिथे दाखवलं तिथे दोन मिनिटांत "लॅप्रोस्कोपी करून काढून टाकू" (दुर्बिणीचं ऑपरेशन) म्हणाले, वर सीए-125 ची, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरच्या संशयात करतात ती रक्ताची टेस्टपण लिहून दिली. घरी आई रडायलाच लागली. मग मैत्रिणीने या क्लिनिकचं नाव सुचवलं.

इथल्या मॅडमनी आधी रिपोर्ट शब्द न् शब्द वाचला आणि कागदावर ओव्हरी काढूनच दाखवली. दर महिन्याला बीज असलेली पाण्याची पिशवी वाढते, 2-2.5 सेमी झाली की फुटते, कधीकधी फुटतच नाही आणि तशीच भरत राहते, तीच ही सिस्ट. भिंत पातळ, आत नुसतं पाणी, पडदे नाहीत, घट्ट भाग नाही, हे आकाराइतकंच महत्त्वाचं असतं म्हणे. पाळी चालू असलेल्या बाईला 5 सेमीपर्यंतची अशी सिस्ट असेल तर सहसा काहीच करावं लागत नाही, 5 ते 7 असेल तर वर्षाने परत सोनोग्राफी करतात. गोळ्यांनी ती लवकर जात नाही म्हणून गोळ्यापण दिल्या नाहीत. सीए-125 पाळीत, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) वाढते, त्यामुळे माझ्या केसमध्ये ती करून उगाच घाबरण्यापलीकडे काही हाती लागलं नसतं. आणि पीसीओडी (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते ते) वेगळं, हे वेगळं, हा घोळ माझ्याही डोक्यात होता.

एक गोष्ट मात्र मॅडमनी दोनदा बजावली, अचानक एका बाजूला जोरात कळ आली आणि उलट्या झाल्या तर वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं, ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो. आईनेही मध्येच स्वतःचं विचारून घेतलं, तर पाळी गेलेल्या बायकांचे नियम वेगळे, त्यांनी कुठलीही सिस्ट निघाली तरी दाखवायचीच असं सांगितलं.

गरज नव्हती तरी माझ्या समाधानासाठी दोन महिन्यांनी पाळी संपल्यावर परत सोनोग्राफी केली, सिस्ट नव्हती. आणि कुशीतलं दुखणं स्नायूचं निघालं!

एक स्टार कापला कारण अपॉइंटमेंट असून दीड तास बसवलं, आणि सोनोग्राफी आतून (योनीमार्गातून) करणार आहेत हे रिसेप्शनवर आधी कोणी सांगितलंच नाही. नवीन मुलींना हे आधी सांगाच प्लीज, मी खरंच गोंधळले होते. जाताना जुने रिपोर्ट आणि शेवटच्या पाळीची तारीख घेऊन जा, पहिला प्रश्न तोच विचारतात.