अॅनाहाइमचं स्टेडियम की पालाचा डोंगर: एकच शनिवार हाताशी असेल तर

दक्षिण कॅलिफोर्नियात राहून डर्ट बाइकची रेस प्रत्यक्ष बघायची, तर दोन मोठ्या जागा आहेत. जानेवारीत अॅनाहाइमच्या एंजल स्टेडियममध्ये सुपरक्रॉस, म्हणजे स्टेडियमात माती आणून केलेल्या ट्रॅकवरची शर्यत, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाला इथल्या फॉक्स रेसवेवर मोटोक्रॉस, म्हणजे मोकळ्यावर, डोंगरउतारांवरची. रायडर बरेचसे तेच असतात. मी सहकुटुंब दोन्हीकडे जाऊन आलोय. एकाच ठिकाणी जायचं तर कुठे जावं, असं अलीकडे कोणी ना कोणी विचारतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पालाचं कौतुक आधी करतो, कारण ते मनापासून आहे. सुरुवातीचं गेट पडलं की 40 बाइक एकदम सुटतात. कुंपणाजवळ उभे असाल तर तो आवाज पोटात घुमतो, मातीची ढेकळं अंगावर येतात. एकेक शर्यत 30 मिनिटं अधिक दोन फेऱ्यांची, आणि इंजिनाच्या आकारानुसार केलेल्या प्रत्येक गटाच्या अशा दोन. ऊन, उतार, चाकांनी पडलेल्या खोल चऱ्या. दमलेला रायडर बाइक कशी सांभाळतो ते तिथेच बघावं. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाचा रायडर जेट लॉरेन्स 450 च्या, म्हणजे मोठ्या इंजिनांच्या गटाच्या मोटोक्रॉसमध्ये पहिल्यांदा उतरला तो इथेच. त्या दिवशीच्या दोन्ही शर्यती त्यानं जिंकल्या, आणि पुढे मोसमातल्या सगळ्या 22.

पण आमचं काय झालं ते सांगतो. एका वळणाबाहेर छान जागा मिळाली होती. पुढचे दोघं एकमेकांना चिकटून आले आणि चढापलीकडे दिसेनासे झाले. तिकडून मोठा गलका उठला. दोनेक मिनिटांनी परत आले तेव्हा मागचा पुढे होता! आतून शिरला, बाहेरून गेला, की पुढच्याचा तोल गेला, काहीच कळलं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, खरी गोष्ट आपल्याला दिसलीच नाही." मग जागा बदलली, तर पहिल्या वळणावरचं हुकलं. दिवसभरात असं तीन-चारदा झालं. फिरत फिरत बघण्यातच मजा आहे असं माझे काही मित्र म्हणतात, आणि त्यांचं खोटं नाही. तरी मला ते फार लागलं. मी कोल्हापूरचा. तिथल्या कुस्तीच्या खासबाग मैदानात कुठेही बसा, मधला हौदा दिसतो. शाहू महाराजांनी ते बांधूनच तसं घेतलं. डाव कसा पडला हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची मला सवय नाही.

स्टेडियममध्ये ही रुखरुख राहत नाही. सुपरक्रॉसची सुरुवात सहसा 1972 च्या लॉस एंजेलिस कोलिझियममधल्या शर्यतीपासून धरतात. ती जिंकणारा मार्टी ट्राइप्स फक्त 16 वर्षांचा होता. तेव्हापासून ट्रकांनी माती आणून लोकांच्या डोळ्यांसमोर ट्रॅक उभा करायची ही पद्धत चालत आली आहे. फेरी मिनिटभराची, नजर हलवली की सगळा ट्रॅक. आमच्या मुलीनं मागच्या वेळी मधल्या फळीतला एक नंबर धरला आणि रात्रभर त्याच्याच मागे होती. हीटमध्ये, म्हणजे पात्रता शर्यतीत, तो मागे राहिला, मग उरलेल्यांच्या शेवटच्या संधीच्या शर्यतीत, 'लास्ट चान्स'मध्ये आला. तिथून फक्त चौघं मुख्य शर्यतीत जातात. चौथ्या जागेसाठीची त्याची झुंज आम्ही शेवटच्या उडीपर्यंत बघितली. पालाला हे जमलं नसतं, असं मला तरी वाटतं.

उणिवा आहेतच. आतषबाजी, रायडरांची ओळख, ट्रॅकची मधली दुरुस्ती यात बराच वेळ जातो, आणि 450 ची मुख्य शर्यत 20 मिनिटं अधिक एका फेरीत आटोपते. कस लागलेला बघायचा असेल तर पालाच.

अॅनाहाइमला जाणार असाल तर खालच्या रांगांची महाग तिकिटं घेऊ नका. उड्यांचे ढिगारे पलीकडचं झाकतात. हे एरवी बेसबॉलचं स्टेडियम; त्यातल्या होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या मागे, वरच्या मजल्यावर बसा. रात्री तिथे चांगलंच गार होतं, स्वेटर न्या, आणि पोरांच्या कानांसाठी मफ्स. दुपारचा सराव चुकवू नका. उजेडात ट्रॅक एकदा पाठ झाला, की रात्री कुठल्या वळणावर कोण आत घुसणार ते तुम्हाला आधीच दिसायला लागतं.