यारोचा काढा: मालवणच्या घरात काही महिने वापरल्यानंतर

यारो या औषधी वनस्पतीची कीर्ती जखम भरण्याची, पण आमच्या घरात तो टिकला तो पोटासाठी आणि पाळीच्या दुखण्यासाठी. वापर सुरू करून आता बरेच महिने झालेत, मधे अख्खा पावसाळा गेला, म्हणून सविस्तर लिहितेय.

ही वनस्पती कोकणातली नाही. आपल्या देशात ती हिमालयात, काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत, साधारण १०५० ते ३६०० मीटर उंचीवर वाढते. कोकणात मिळते ती सुकवलेली, पार्सलने आलेली. युनानी औषधांच्या दुकानात बिरंजासिफ म्हणून मागितली तर मिळते, पण पुडीवर अकिलिया मिलिफोलियम हे शास्त्रीय नाव छापलेलं असेल तरच घ्या. मला एका विक्रेत्याकडून आलेल्या पुडीत निम्म्याहून जास्त काड्याच होत्या आणि वनस्पतीचं नाव कुठेच नव्हतं. ती मी वापरली नाही. चांगल्या मालात बारीक मळकट पांढरी फुलं आणि अगदी बारीक कातरलेली पानं दिसतात, आणि पुडी उघडली की दवण्याच्या जवळ जाणारा वास येतो.

मी काढा असा करते: स्वयंपाकघरातल्या काट्यावर सुमारे दोन ग्रॅम मोजून कपात टाकायचं, वर उकळतं पाणी ओतायचं आणि लगेच ताटली झाकायची. दहा मिनिटांनी गाळायचं. ताटली उचलली की तिच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमलेले असतात आणि त्यांनाही तोच वास असतो. झाकलं नाही तर हे सुगंधी तेल हवेत जातं. पाणी पिवळसर होतं. चव कडू आणि जराशी तुरट. साखर घालू नका, भूक लागण्यासाठी घेताय तर कडूपणाच कामाचा आहे. युरोपियन मेडिसिन्स एजन्सी, म्हणजे युरोपातली औषधं तपासणारी सरकारी संस्था, तिच्या कागदांत भूक आणि पोटासाठी प्रमाण दिलंय ते एका वेळी दीड ते चार ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा. मला एकदा, फार तर दोनदा पुरतो.

पावसात माझी भूक मरते. दमट हवा, त्यात सुकटीचं आणि वड्यांचं जड खाणं, पोट फुगून राहतं. जेवणाआधी अर्धा तास हा काढा घेतला की ताटावर बसावंसं वाटतं, हा फरक मला पहिल्या आठवड्यातच जाणवला आणि नंतरही टिकला. पोटातली पिळवटही कमी होते. कोकमाच्या सारानेही मला बरं वाटतं, पण ते जेवणासोबत, हा जेवणाआधीचा. पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात येणारी कळ काढ्याने सुसह्य होते, पूर्ण जात नाही. ज्या महिन्यात दुखणं जोरात होतं त्या महिन्यात गोळी घ्यावीच लागली. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर काढ्यावर दिवस काढू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पोटाची तक्रार दोन आठवडे हटली नाही तरीही डॉक्टरच.

भूक, पोटातली सौम्य पिळवट, पाळीतली सौम्य कळ आणि बारीकसारीक वरवरच्या जखमा, एवढ्यासाठीच त्या एजन्सीने यारोला मान्यता दिली आहे, तीही ‘पारंपरिक वापर’ या गटात. म्हणजे आधार आहे तो दीर्घकाळच्या वापराचा. माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचा नाही. वापर खरोखरच जुना आहे. स्पेनमधल्या एल सिड्रॉन गुहेतल्या एका निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेल्या आदिमानवाच्या, दातांवरच्या किटणात यारो आणि कॅमोमाइल या दुसऱ्या औषधी वनस्पतीशी जुळणारी द्रव्यं सापडल्याचं संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं. पोट भरण्याच्या दृष्टीने त्या पाल्यात फारसं काही नाही, म्हणून तो औषध म्हणून खाल्ला असावा असा त्यांचा अंदाज. हे वाचल्यावर माझ्या कपाकडे मी जास्त आदराने बघू लागले.

आता जखमेचं. अकिलीस या योद्ध्याने ट्रॉयच्या युद्धात सैनिकांच्या जखमांना हाच पाला लावला अशी ग्रीक कथा आहे, शास्त्रीय नावातला अकिलिया तिथला. रक्त थांबवण्याचा गुण त्यातल्या अकिलीन या द्रव्याला देतात. बांगडा साफ करताना विळीने बोटाला चरा गेला तेव्हा स्वच्छ धुऊन मी गार केलेल्या काढ्याची पट्टी ठेवली. चुरचुरलं नाही, खपली नीट धरली. पण एवढासा चरा तसाही भरतोच, त्यामुळे श्रेय काढ्याला देणार नाही. आमच्या परड्यात दगडी पाला आहे आणि घरात पिढ्यान् पिढ्या चरा-खरचटण्यावर तोच चुरडून लावतात, त्याच्यासमोर पार्सलने यारो मागवायचं कारण मला दिसत नाही. आणि माशाचा काटा खोल गेला, गंजका खिळा लागला, तर दोन्ही पाले बाजूला ठेवून धनुर्वाताच्या इंजेक्शनला जा.

दगडी पाला, शेवंती, झेंडू आणि यारो एकाच कुळातले. आमच्या शेजारच्या काकी गणपतीत शेवंतीच्या वेण्या करतात आणि त्यांच्या बोटांना दरवर्षी खाज सुटते. त्यांनी काढा मागितला तेव्हा मी दिला नाही. ज्यांना या फुलांनी पुरळ येतं त्यांनी यारोपासून लांबच राहावं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘ह्यो खयचो काढो गो?’ त्यांना चव आवडलीसुद्धा. पण त्यांना हृदयासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, आणि डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी स्पष्ट नको सांगितलं. गरोदरपणात, बाळाला पाजत असताना आणि बारा वर्षांखालच्या मुलांनाही देऊ नका. यारोचं निळं तेलही बाजारात मिळतं. पाला वाफेवर ऊर्ध्वपातन करताना त्यात कॅमाझुलीन तयार होतं, तो निळा रंग त्याचा. ते पिण्याची वस्तू नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी साठवणीकडे नीट लक्ष द्यावं. जुलैत कागदी पुडीतला पाला दोन-तीन दिवसांत मऊ पडतो, मग बुरशीचा वास धरतो, आणि असा पाला उन्हात वाळवून परत वापरायचा नसतो, टाकायचाच. मी आता घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवते, कोरड्या चमच्यानेच काढते आणि पावसाळ्यात पन्नास ग्रॅमच्या वर मागवत नाही. कुंडीत बी लावून पाहिलं होतं. उन्हाळ्यात रोपं तग धरून होती, मिरगाच्या पावसाने मुळं कुजली. त्याला निचऱ्याची, कोरडी जमीन लागते, ती आमच्याकडे पावसाळ्यात मिळणं कठीण. घाटावर कुणी वाफ्यात टिकवला असेल तर जमीन कशी केलीत ते खाली लिहा, दिवाळीनंतर मी पुन्हा बी टाकणार आहे.