सुया की नोझल: शेतातल्या अपधावासाठी कोणता सिम्युलेटर?

अपधाव म्हणजे जमिनीत न मुरता वाहून जाणारे पावसाचे पाणी. तो शेतात मोजायचा, तर तिथे नेण्याजोगे सिम्युलेटर, म्हणजे कृत्रिम पाऊस पाडणारी यंत्रे, दोन जातींचे. एकात ट्रेच्या तळाला बसवलेल्या बारीक सुयांतून थेंब टपकतात, दुसऱ्यात पंपाच्या दाबाने नोझल पाणी फवारते. मी सोलापूरकडच्या काळ्या जमिनीत दोन्ही वापरले आहेत.

आधी नोझलचे श्रेय नोझलला. त्यातून लहान-मोठे सगळे थेंब येतात, दाबामुळे ते जोरात आदळतात आणि वाफा मोठा घेता येतो. सुयांचे थेंब जवळजवळ एकाच मापाचे, शिवाय ते पडतात फार कमी उंचीवरून. ३ मिमीचा थेंब खऱ्या पावसात सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगाने येतो. २ मीटरवरून सोडला तर तो त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास पोचतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालत असल्याने आघात निम्म्याहून कमी. म्हणून हेक्टरी किती टन माती वाहते हे सांगायचे असेल, तर सुयांच्या आकड्यावर मी विसंबणार नाही.

तरीही माझा कौल सुयांकडे झुकतो, आणि त्याचे कारण पाणी.

अमेरिकेत शेतातून वाहून जाणाऱ्या फॉस्फरसच्या अभ्यासासाठी रूढ झालेला नोझलचा आराखडा घ्या. ३ मीटर उंचीवर एक नोझल, खाली दीड बाय दोन मीटरची जागा, तासाला सुमारे ७० मिमी पाऊस. वाफ्यावर पडते तासाला २१० लिटर. पण नोझलमधून जाते मिनिटाला साडेबारा लिटर, म्हणजे तासाला साडेसातशे. उरलेले सगळे वाफ्याभोवतीच्या चौकटीबाहेर. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत अपधाव सुरू व्हायलाच वेळ लागतो, म्हणजे पाणी आणखी हवे. गावाला त्या दिवसांत टँकरची वाट पाहावी लागत असताना शेजारच्या रानात इतके पाणी जमिनीवर ओतणे मला पटत नाही. बरे, पहिल्या पावसानंतर जावे, तर काळ्या चिखलात टँकर बांधापलीकडे जात नाही.

पाणी मिळाले तरी ते विहिरीचे. त्यातले क्षार मातीचे बारीक कण एकत्र धरून ठेवतात, त्यामुळे पृष्ठभागावर पापुद्रा उशिरा धरतो, पाणी जास्त मुरते आणि अपधाव खऱ्यापेक्षा कमी दिसतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. उलट सुयांच्या एक चौरस मीटरच्या ट्रेला त्याच ७० मिमीच्या वेगाने अर्ध्या तासाला ३५ लिटर लागते. गेल्या पावसाळ्यात पत्र्यावरून साठवलेले पाणी दोन कॅनमध्ये घेऊन चिखलातूनही चालत जाता येते. पाणी खरोखर पावसाचेच आहे, ही खात्री मला थेंबाच्या वेगापेक्षा मोलाची वाटते.

सुया तुंबतात, हे मान्य. तुंबल्या की पाऊस कमी होतो आणि अपधाव घटलेला पाहून जमीन जास्त मुरवते आहे असे वाटू शकते. म्हणून प्रयोगाआधी आणि नंतर चौकटीवर पत्रा झाकून पाऊस मोजावा. गाळलेल्या पावसाच्या पाण्याने हा त्रास मला बराच कमी जाणवला. एकाच जागी थेंब पडून खळगे होऊ नयेत म्हणून ट्रेखाली जाळी लावावी. वाऱ्याला दोन्ही हळवे. ताडपत्रीचा आडोसा हवाच, नाहीतर पहाटे उरकावे.

छोट्या चौकटीची एक अडचण मात्र खरी आहे. भेग चौकटीखालून बाहेर गेली की पाणी आडवे निसटते. अशा जमिनीत भेगा मिटल्यावरच सुयांचा ट्रे मांडावा. भेगाळलेल्या जमिनीचाच अभ्यास करायचा असेल तर मोठा वाफा आणि नोझल, त्याला इलाज नाही. जवळ बारमाही पाणी असेल, रस्ता शेतापर्यंत असेल आणि हाताशी चार माणसे असतील, तर नोझल घ्या असेच मी म्हणेन.

पण प्रश्न आच्छादन घातलेला वाफा आणि उघडा वाफा, किंवा ढाळाला आडवी नांगरट आणि उभी नांगरट, यांतला फरक पाहण्याचा असेल, तर सुया पुरतात. आघात दोन्हीकडे सारखाच कमी असतो, त्यामुळे फरकाची दिशा सहसा कळते, मग तो फरक खऱ्या पावसापेक्षा थोडा कमी दिसला तरी. शिवाय एका सकाळी अनेक जागा होतात. आणि एकाच शेतात दहा पावलांवर जमीन किती बदलते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एका मोठ्या वाफ्यापेक्षा पाच छोटे वाफे अधिक सांगतील, असे मला वाटते.